चावीवरचे कुंकू

तक्रारदार: मी. व्यवसाय अर्जनवीस, कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल. नाव मुद्दाम लिहीत नाही. नावावरून माणसाला कुठे बसवायचे ते ठरवणाऱ्यांविरुद्धच ही तक्रार आहे.

ज्यांच्याविरुद्ध: गृहयोजनेचे साहेब, राहणार महानगर मोहल्ला, लखनौ. मातृभाषा मराठी.

ठिकाण: लखनौ. नव्या वसाहतीच्या मैदानातला मांडव. वेळ भरदुपारची. सर्वांना नीट दिसत होते.

साक्षीदार: माझी पत्नी सुमन. मुलगी पल्लवी. आणि आमच्या मागोमाग ज्यांचे नाव पुकारले, त्या नसीमबानो.

साहेबांनी माझ्या पत्नीच्या हातातून चावी ओढून घेतली. आधी हे लिहितो. बाकीचे मागाहून.

चावी थर्माकोलची होती. लहान मुलाएवढी उंच, वर सोनेरी कागद. सुमनचे नाव पुकारले, कारण या योजनेत घर बाईच्या नावावर होते. ती मंचावर गेली. पाहुण्यांनी चावी तिच्या हातात दिली, फोटो झाला. मग तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली. चावीला बोट लावले. नमस्कार केला. चावी बगलेत धरली आणि पायऱ्या उतरू लागली.

नाव पुकारून हातात दिलेली वस्तू आपली असते, असे तिला वाटले. तिचे काय चुकले?

साहेब धावले. "अरे मैडम, मैडम! ये घर ले जाने की चीज़ नहीं है!"

मांडव हसला. साहेबांनी चावी ओढली, कुंकू पाहिले, तोंड वाकडे केले आणि ओल्या रुमालाने ते घासू लागले. कुंकू काही निघेना. सोनेरी कागदावर तांबडे फरकाटे उठले. खाली उभ्या नसीमबानो म्हणाल्या, "रहने दीजिए साहब, दुआ ही तो है।" साहेबांनी रुमाल आणखी जोरात चालवला. मग शेजारच्या गृहस्थाकडे वळून, हलक्या आवाजात, स्वच्छ मराठीत बोलले:

"गावाकडनं उठून येतात आणि लखनौत आपली शोभा करतात."

सुमनने ऐकले. ती दोन पायऱ्या खाली होती.

मी पुढे झालो. म्हणालो, "साहेब, आपण मराठी आहात."

"यहाँ हिंदी में बात कीजिए। सरकारी कार्यक्रम है।"

पल्लवीने माझी बाही ओढली. "पापा, छोड़िए न। सब देख रहे हैं।"

मी सोडले. हेही नोंदवतो.

आता मी कोण, ते. वडील सांगलीकडून आले, लखनौच्या चौक बाजारातल्या भट्टीत सोने गाळायला. लोकांचे सोने. आम्ही राहिलो चारबाग स्टेशनमागच्या भाड्याच्या खोलीत, आणि अजून तिथेच आहोत. वडिलांची छाती धुराने गेली तेव्हा मी नववीत होतो. शाळा तिथेच संपली. एका वृद्ध मुन्शींच्या हाताखाली मी लिहिणे शिकलो. आज वकीलसुद्धा माझा मसुदा पाहून मान डोलावतात. ही बढाई नाही, नोंद आहे. सहीखेरीज एक ओळ धड न लिहिता येणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. खुर्चीवर टॉवेल टाकला की विद्वत्ता येते, असा त्यांचा समज असतो.

आणि ही योजना भीक नव्हे. देशात कुठेही पक्के घर नसलेल्या, पहिल्यांदाच घर घेणाऱ्या माणसाला कर्जात थोडी सरकारी मदत. थोडी. बाकी हप्ता आम्ही भरतो. भरतो आहोत. तिसऱ्या मजल्यावरचे ते घर तयार आहे, दाराला कुलूप आहे, आणि आम्ही अजून भाड्याच्या खोलीत आहोत. कारण खरी चावी साहेबांच्या कपाटात आहे.

काही दिवसांनी साहेबांनी मला बोलावले. खुर्ची दाखवली नाही.

"प्रोग्राम के फोटो ख़राब हो गए। भगदड़ जैसा दिख रहा है। फिर से प्रोग्राम है, बड़े मेहमान आ रहे हैं। आप तो लिखते हैं न? एक धन्यवाद-पत्र लिखिए, मंच से पढ़िए। मैडम को समझा दीजिए, चाबी लौटानी है। असली वाली उसी दिन शाम को दे देंगे।"

मी टेबलावर येऊन बसलो. कागद घेतला. ‘सेवा में, महोदय’ लिहिले. हात सरावाने पुढे गेला: ‘आपकी असीम कृपा से’. आणि थांबला. कृपा? कोणाची? हप्ता माझा, घर सुमनचे, कायदा सरकारचा. या माणसाने एक रुमाल खराब केला, एवढेच त्याचे योगदान.

सुमन डबा घेऊन आली. मी तिला कागद वाचून दाखवला. ती डबा उघडता उघडता म्हणाली, "मी त्या मांडवात पाय ठेवायची न्हाई. चावी दारात द्या म्हणावं. कुलूप तिथं हाय."

एवढा नेमका मसुदा मी जन्मात केला नव्हता.

मी कागद फाडला. साहेबांसमोर गेलो आणि मराठीतच बोललो: "चावी दारात घेऊ, साहेब. मंचावर नाही. आभारपत्र मिळणार नाही."

"फिर लाइन में सबसे पीछे।"

"असू द्या."

त्या दिवसापासून आम्ही सर्वांत मागे आहोत. नसीमबानोंनाही कपाटातली चावी मिळालेली नाही. दुसऱ्या मांडवात जायला त्यांनीही नकार दिला. त्यांचा अर्ज मीच लिहिला. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाचा लिहितो आहे. ‘कृपा’ हा शब्द कोणत्याही अर्जात नाही, आणि माझ्या टेबलावरून यापुढे कोणाच्याही अर्जात जाणार नाही. घराचा दरवाजा उशिरा उघडला तरी चालेल. मान खाली घालून आम्ही त्यातून आत जाणार नाही.

सबब मागणी अशी की, घराचा ताबा घराच्या दारात, माझ्या पत्नीच्या हातात देण्यात यावा. तसेच तिने लावलेले कुंकू कोणत्या नियमान्वये पुसण्यात आले, याचे उत्तर साहेबांनी स्वतःच्या सहीने लेखी द्यावे.

उत्तर मराठीत द्यावे. साहेबांना ती भाषा येते. माझी पत्नी साक्षीदार आहे.