माझ्या जागी साळवेबाई

दुष्काळाचं ते वर्ष होतं. श्रीरामपुरात माझं छोटंसं प्रसूतिगृह होतं. रोज सकाळी देवापुढे दिवा लावायची, पण हात जोडले की मनात काहीच उमटायचं नाही. त्याला कारण मालन. जवळच्याच वस्तीवरची, शेतकऱ्याच्या घरची ही सून. तिची दोन बाळं जन्मतःच गेली होती आणि दोन्ही वेळा ती माझ्याच हातांत होती. दुसऱ्या वेळी बाळाला फडक्यात गुंडाळताना मी मनातल्या मनात देवीला विचारलं होतं, माझे हात कशासाठी दिलेस? उत्तर आलं नाही. मग मीही विचारायचं सोडून दिलं.

त्या वर्षी मालनला पुन्हा दिवस गेले. आठवा सरता सरता थोडं रक्त गेलं. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशीच होती. कळा सुरू झाल्या की रक्त धो धो वाहणार, आणि तेव्हा लगेच पोट उघडून बाळ बाहेर काढलं नाही तर आई आणि मूल दोघंही जाणार. माझ्याकडे ना शस्त्रक्रियेची खोली, ना रक्ताची सोय. म्हणून तिला गावातल्या मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. तिथल्या बाळंतपणाच्या डॉक्टर साळवेबाई दवाखान्याच्या आवारातच राहत. चहा पितानाही त्यांचा एक कान वॉर्डाकडे असायचा. आम्हा खासगी डॉक्टरांपैकी कुणीही अडलेली बाई घेऊन गेलं, की त्या “आधी का नाही आणली?” असं कधी विचारत नसत. पदर खोचून सरळ कामाला लागत.

नवरात्र आलं. माझं माहेर नगरकडच्या कर्जतचं. राशीनच्या देवीची ओटी भरायला दरवर्षी जायचं, हा आईचा नेम. यंदा ती अंथरुणाला खिळली होती. “माझ्या वतीनं तू जा,” असा तिचा निरोप आला. मन तयार नव्हतं, पाय तर त्याहून नव्हते. मालन म्हणाली, “बाई, तुमी ऱ्हावा. तुमच्या हाताबिगर मला धीर न्हाई.” साळवेबाईंनी मला व्हरांड्यात नेलं. “डॉक्टर, आईचं ऐका. मालनचे दिवस अजून भरायचेत. आणि मी इथंच आहे. तुमची पेशंट ती माझी पेशंट.” मी मालनला सांगितलं, “उद्या संध्याकाळी तुझ्याजवळ असेन.” आणि निघाले.

राशीनला ओटी भरली, पण डोळे कोरडेच राहिले. गर्दीतल्या बायका रडत होत्या, हसत होत्या, देवीशी भांडत होत्या. मी मात्र सारखी परतीच्या एस.टी.चा विचार करत होते. रात्र कर्जतला आईजवळ काढून दुसऱ्या दिवशी सकाळी नगरची गाडी धरली. मिरजगावात शिरता शिरता तिचा मोठा आवाज झाला आणि ती उभीच राहिली. ड्रायव्हर खाली वाकून बघून आला, हात पुसत म्हणाला, “बाई, आता ही हलत न्हाई. मागची गाडी दुपारची.”

“मी डॉक्टर आहे, दवाखान्याला फोन करायचाय,” असं कंडक्टरला सांगून मी पोस्टात गेले आणि मिशनच्या दवाखान्याला ट्रंककॉल लावला. बराच वेळ गेला. शेवटी खरखरीतून सिस्टरचा आवाज आला, “डॉक्टर, मालनला जोरात रक्त जातंय. साळवेबाईंनी तिला आत घेतलंय...” आणि लाईन तुटली. पोस्टमास्तरांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. काही उपयोग झाला नाही.

मी पोस्टाच्या पायरीवर बसले. समोर ऊन नुसतं तापलं होतं. श्रीरामपूर किती लांब! ज्या बाईला शब्द दिला होता तिचं पोट त्या क्षणी उघडलं जात होतं, आणि मी इथे फुफाट्यात बसले होते. त्या वेळी मी देवीला काय म्हटलं ते मला नीट आठवतं. प्रार्थना म्हणावी असं ते नव्हतंच. “आई, माझ्याच्यानं आता काही होत नाही. तुझं तू बघ.” एवढंच. आणि आवळून धरलेली मूठ सुटावी तसं आत काहीतरी सुटलं. कित्येक महिन्यांनी डोळ्यांना पाणी आलं.

डोळे पुसते न पुसते तोच एक म्हातारी धापा टाकत आली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांपैकी ती एक. “मास्तर, ह्या डॉक्टरीण हायत व्हय? कंडक्टर म्हनला.” आणि माझ्याकडे वळून तिने पायच धरले. “माज्या सुनंचं पायाळू येतंय वो. अर्धं आलंय आन् आडकलंय. चला माय, लई उपकार हुतील!”

शाळेच्या पडवीत तिला आणून निजवलं होतं. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला होता. बाळाचे पाय आणि धड बाहेर, दोन्ही हात वर डोक्याकडे गेलेले, डोकं आत. अशा वेळी ओढलं की संपलं. मी हातांवर पाणी घेतलं, साबणाचा तुकडा कुणीतरी पुढे केला. ओढणाऱ्या सुईणीला म्हटलं, “मावशी, सोडा. आता फक्त तिचं डोकं मांडीवर घ्या.” बाळाचं अंग हलकेच फिरवून मी एक हात खाली घेतला. मग उलटं फिरवून दुसरा. मग धड माझ्या हातावर घेतलं, बोटानं हनुवटी छातीकडे वळवली आणि तिला म्हटलं, “आता जोर कर, बाई!” डोकं सुटलं. मुलगा होता. निळसर, गप्प. तोंड पुसलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून हलकेच फुंकर घातली. पडवीत कुणी श्वास घेत नव्हतं. आणि तो रडला! असा रडला की आडोसा धरणाऱ्या बायकांनी लुगडी खाली टाकली आणि एकच गलका केला. म्हातारी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “आईनंच धाडली गं तुला!” तिला काय सांगू, मी तर बंद पडलेल्या एस.टी.तून उतरले होते.

दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या खाण्याची सुकडी पोचवून परतणाऱ्या एका ट्रकवाल्याने मला नगरला सोडलं, तिथून पुढची गाडी मिळाली. दवाखान्याच्या फाटकातून मी अक्षरशः धावत आत गेले. साळवेबाई व्हरांड्यातच होत्या. चेहरा दमलेला, पण डोळे हसत होते. “मुलगी,” त्या म्हणाल्या. “आई ठणठणीत नाही, पण आहे. रक्त कमी पडलं तेव्हा माझ्या नर्सिंगच्या मुली आपणहून पुढे झाल्या.” मग त्या म्हणाल्या, “गुंगी येईपर्यंत ती तुमच्या देवीला हाक मारत होती आणि मी माझ्या येशूला. कुणी ऐकलं ते विचारू नका.”

मालन पांढरीफटक पडली होती, पण कुशीतली पोर लाल, मुठी आवळून ओरडत होती. मी म्हटलं, “मालन, मी वेळेवर नव्हते गं.” ती क्षीण हसली. “तुमी नव्हता तर काय झालं? साळवेबाई हुत्या की.”

ते चार शब्द मला कुठल्याही पोथीपेक्षा जास्त शिकवून गेले. बाळंतिणीच्या उशाशी उभं राहणारं कुणीतरी देवाने आधीच नेमलेलं असतं. ते कधी माझ्या अंगानं येतं, कधी दुसऱ्याच्या. आपण आपल्या ठिकाणी हात धुऊन तयार राहावं आणि बाकीचं त्याच्यावर सोडावं. सोडलं की हात रिकामे होत नाहीत, मोकळे होतात.

त्या वर्षी नाताळच्या आधी मी साळवेबाईंकडे गेले. “सणाच्या दिवशी तुम्ही निवांत चर्चमध्ये बसा. तुमचा वॉर्ड मी बघते.” कित्येक वर्षांत त्या नाताळची उपासना शेवटपर्यंत ऐकू शकल्या नव्हत्या. त्या माझे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. नाताळच्या सकाळी चर्चमधून गाण्याचे सूर वॉर्डापर्यंत येत होते आणि माझ्या ओंजळीत एक ओलं, किंचाळणारं बाळ होतं. मी त्याला उंच धरलं आणि मोठ्यानं म्हणाले, “आई, तुझीच कृपा!”