मापाचा झंपर

आमच्या घरातल्या बायकांची मापं कुणी कधी घेतलीच नाहीत. ब्लाउजला आमच्याकडे झंपर म्हणायचे, आणि नवा झंपर शिवायला टाकायचा म्हणजे कापडासोबत एक जुना झंपर पिशवीत घालून टेलरमामांकडे द्यायचा. त्याला मापाचा झंपर म्हणत. मामा तो कापडावर पसरणार, खडूनं कडेकडेनं रेघ मारणार आणि कात्री चालवणार. ज्या बाईच्या अंगावर ते जायचं आहे ती मधल्या वर्षांत जाड झाली की वाळली, तिची बाळंतपणं किती झाली, तिचा एक खांदा उतरलाय का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बाई समोर उभी असली तरी बघायचं ते झंपराकडे.

आईचा पहिला मापाचा झंपर हिरवा होता, लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत शिवलेला. तो फाटला तेव्हा त्यावरून शिवलेला तांबडा मापाचा झाला. तांबडा विटला तेव्हा जांभळा. प्रत्येक झंपर धुऊन धुऊन आटलेला, आणि त्या आटलेल्या झंपरावरून पुढचा. अंग वाढत होतं आणि झंपर आटत होते, आणि हे उचगावात आमच्याच नाही, गल्लीतल्या सगळ्या घरांत चाललं होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर ती आम्हाला हाक मारायची. दोरीवर धुणं टाकायचं तर टाचा उंचावून, हात कोपरात मुडपून लांबून फेकायची. उन्हाळ्यात तिच्या दोन्ही काखांत लाल रेघा उठायच्या आणि ती त्यांना खोबरेल तेल लावायची. तिला वात आहे असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तेल चोळून झालं, शेकून झालं, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. मी दहावीत असताना एकदा तिनं माझ्यासमोर मामांना भीतभीत सांगितलं, "काखंत लई काचतंय हो मामा. जरा ढिला ठेवा की."

मामांनी मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. "झंपर बराबर हाय वैनी. तुमचं अंगच तसं हाय."

नाचता येईना अंगण वाकडं! शाळेत या म्हणीचा वाक्यात उपयोग करून मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते, पण जिथं करायला हवा होता तिथं मी पायाच्या बोटानं चप्पल खरवडत उभी राहिले. आईनं पिशवी उचलली आणि आम्ही घरी आलो. त्या माणसाचा मला अजून राग येतो, आणि स्वतःचाही.

नव्वदीच्या सुरुवातीला डिप्लोमा करून मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत लागले. काम ड्रॉइंग ऑफिसातलं, वरच्या मजल्यावर, पंख्याखाली. मला खाली जायचं होतं, जिथं वाळूचे साचे भरतात आणि लोखंड ओततात. साहेब म्हणाले, ओढणी-बिढणी खाली चालणार नाही, पँट-शर्ट घालून या, नाहीतर वर बसून ट्रेसिंग करा. त्यांना वाटलं होतं मी वर बसेन. मी दुसऱ्याच दिवशी करड्या रंगाचं कापड घेतलं आणि महाद्वार रोडच्या एका गल्लीतल्या जेन्ट्स टेलरकडे गेले, कारण लेडीज टेलरनी पँटचं नाव काढताच हात जोडले होते.

या मास्तरांनी हात जोडले नाहीत. ते दोन पावलं मागं सरकले. गळ्यातली टेप त्यांनी काढून टेबलावर ठेवली, जणू मी ती ओढून घेणार होते.

"बायकांची मापं आम्ही घेत न्हाई, ताई. भाऊ हाय न्हवं? त्याची पँट आणा मापाला."

मी भावाची पँट नेऊन दिली. आज हे लिहितानाही हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी कळत नाही. डिप्लोमाला मला इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये पहिला नंबर होता, आणि माझ्या कमरेचं माप मी भावाच्या पँटीत पाठवलं. पँट आली ती कमरेत एवढी सैल की पट्ट्यानं चुण्या पडायच्या, आणि बसताना मागं अशी ताठ की श्वास धरावा लागे. मास्तर म्हणाले, "आता बाईमाणसाला पँट अशीच हुणार की."

आठव्या दिवशी मी साच्याची खोली मोजायला उकिडवी बसले आणि मागची शिवण कंबरेपासून खालपर्यंत उसवली. आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणीतरी शिट्टी वाजवली, दोघंतिघं हसले, आणि मी हातातला ड्रॉइंगचा कागद मागं धरून भिंतीला पाठ घासत चालत गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. ऑफिसात साहेब दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते, "मी म्हणालो होतो, बायकांचं हे काम नाही." फाटली होती पँट, आणि काम माझं नाही असं ठरत होतं. मास्तरांचा त्या दिवसात कुठंच उल्लेख झाला नाही.

मी शिरले ते पॅटर्न शॉपमध्ये. लोखंड ओतण्याआधी वाळूत दाबायचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, तिथं बनायचा आणि तो बनवणारे म्हातारे मिस्त्री एकटेच असायचे. त्यांनी माझ्याकडे न बघता खुंटीवरचा स्वतःचा एप्रन काढून दिला आणि रंधा मारत विचारलं, "कुणाच्या मापानं शिवल्याली?"

"भावाच्या."

"भावाचं कंबार तुला कुठनं यील?" मग त्यांनी रंधा थांबवला. "तयार मालावरनं माप कधी घ्याचं न्हाई, पोरी. थंड हुताना त्यो आकसल्याला असतोय. त्यावरनं दुसरा काढला की त्यो आणखी आकसणार, तिसरा त्येच्याहून. कधी बी मुळाकडं जायाचं."

मला त्या क्षणी आईचे झंपर आठवायला हवे होते. आठवली ती माझी पँट.

पहिल्या पगारातून मी एक जुनं पायमशीन घेतलं. फाटलेली पँट शिवण न् शिवण उसवली आणि चारही तुकडे फरशीवर मांडले. ऑफिसातून रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या प्रिंट आणायचे, अमोनियाचा वास मारणाऱ्या, आणि त्यांच्या पाठीवर माझा स्वतःचा नकाशा काढायचे. कंबर वेगळी, सीट वेगळी, मांडी वेगळी, बसल्यावर मागं कापड किती लागतं ते वेगळं. रविवारी इचलकरंजीला जाऊन मांजरपाट आणायचा, आधी पाण्यात बुडवून वाळवायचा, त्यात चाचणीची पँट शिवायची, घालून उकिडवं बसायचं, जिथं ताणेल तिथं पेन्सिलनं खूण, पुन्हा कागद. तीन पँटी वाया गेल्या. घरचे म्हणाले, पोरगी येडी झाली. चौथी घालून मी फरशीवर उकिडवी बसले, उठले, पुन्हा बसले, आणि काहीही झालं नाही. कुठं ओढ नाही, कुठं चुणी नाही. इतकी वर्षं ज्या कंबरेची मला लाज वाटत होती ती कंबर चांगली होती. कापणारे नालायक होते.

मग मी स्वतःचे ब्लाउजही शिवायला लागले. आपली पाठ आपल्याला मोजता येत नाही, म्हणून आईला उभी करायचे. ती माझ्या पाठीवर टेप धरायची, दंडाभोवती फिरवायची, आकडा वाचायची, आणि मी तो कागदावर लिहायचे. मुंढा, म्हणजे बाही जिथं अंगाला लागते तो गोल, नीट कापला की हात वर नेताना ब्लाउज सोबत वर येत नाही, हे मला त्यातून कळलं. फौंड्रीत मी खाली कायमची झाले. साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून मी उकिडवी बसायचे, गरज नसतानाही.

आई म्हणाली, "मला बी एक शीव की."

मी मशीनवर होते. मान वर न करता म्हणाले, "मापाचा झंपर दे."

हे वाक्य मीच म्हणाले. तिनं ट्रंकेतून निळा झंपर काढून दिला, जांभळ्याच्या नंतरचा. मी तो पसरला, कडेनं रेघ मारली, कापला, सुरेख शिवला. शिवण मामांपेक्षा शंभर पटींनी सरळ. आईनं तो हळदीकुंकवाला घातला आणि येईल तिला सांगितलं, "माझ्या पोरीनं शिवलाय." त्यानंतर दहा-बारा वर्षं मी तिचे सगळे झंपर शिवले, दरवेळी आधीच्यावरून. तिच्या काखांत उन्हाळ्यात रेघा उठत राहिल्या आणि मी तिला मेडिकलमधून मलम आणून देत राहिले.

दोन हजार सालही मागं पडलं होतं. दिवाळीच्या आधीची सकाळ होती, मी परकराच्या कापडाला इस्त्री करत होते. आई न्हाऊन आली. परकर छातीवर बांधलेला, वर टॉवेल. आरशासमोर उभी राहून तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले, ओले केस पिळले आणि त्यांचा अंबाडा घातला. उजवा हात कानाच्याही वर गेला होता. मी बघतच राहिले. मग तिनं आत जाऊन झंपर घातला, लुगडं नेसली, बाहेर आली आणि म्हणाली, "रव्याचा डबा काढून दे गं वरचा."

कापड करपल्याचा वास आला तेव्हा मला इस्त्रीची आठवण झाली.

मी इस्त्री बंद केली. टेप घेतली आणि तिला भिंतीपाशी उभी केली. ती अंग चोरत होती, हसत होती, "गुदगुल्या हुत्यात की गं," म्हणत होती. साठीला आलेल्या बाईच्या अंगाला आयुष्यात पहिल्यांदा टेप लागत होती. ज्या टेपेनं तिनं मला शंभर वेळा मोजलं, ती मी एकदाही उलटी फिरवली नव्हती. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा इंचभर उतरलेला होता. दंडाला बाही दोन इंच कमी होती. मुंढा तर एवढा लहान की माझ्या आतेभावाच्या बारा वर्षांच्या पोरीला झाला असता. मला टेलरमामांच्या दुकानावर धोंडे टाकावेसे वाटले. ते कधीच वारले होते आणि दुकानात मोबाईलची रिचार्ज कार्डं विकत होते.

दुपारपर्यंत मी कागद काढला, उजवी बाजू वेगळी, डावी बाजू वेगळी, आणि संध्याकाळी झंपर तयार केला. आईनं तो घातला. खांदे हलवून पाहिले, पाठीमागं हात नेऊन पाहिला. मग स्वयंपाकघरात गेली, आणि मी दारात पोचेपर्यंत तिनं वरच्या फळीवरचा डबा दोन्ही हातांनी उतरवून ओट्यावर ठेवला होता.

माझा राग तिच्यावरच निघाला. "आंघोळीला हात वर जातो, झंपर घातल्यावर जात नाही, हे तुला कळत होतं?"

"न कळायला काय झालं?"

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं? मामांचं सोड. मला का नाही सांगितलंस? मी शिवत होते ना?"

ती डब्याचं झाकण काढत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती, आणि तेच मला अजून सहन होत नाही.

"मामा झंपर मागायचा. तू शिकलीस, मोठी इंजनेर झालीस, तू बी झंपरच मागितलास. मला वाटलं, माप झंपराचंच घ्यायचं असतंय."

मशीनवर जुना झंपर पडला होता, मी शिवलेला शेवटचा. शिवण पक्की होती, माझ्याच हातची. कात्री शेजारीच होती, पण मी तो हातानंच फाडला. फाटायला वेळ लागला.