एकतिसावी खुंटी

ओरिन पिंगरीने उभ्या आयुष्यात एकाही माणसावर गोळी झाडली नाही. विलो फोर्डच्या लोकांना हे सांगायची थोडी लाजच वाटे. आसपासच्या गावांचा बंदोबस्त पाहणाऱ्या मार्शलांच्या नावावर किस्से होते, थडगी होती. आणि यांच्या मार्शलच्या नावावर काय, तर कचेरीच्या भिंतीवरच्या चाळीस खुंट्या. त्याही त्याने स्वतःच ठोकलेल्या, कारण मूळचा तो सुतार.

टेक्सासहून गुरांचे कळप हाकत आलेले काउबॉय तीन महिने धूळ खाऊन कॅन्ससमधल्या या गावात शिरत, तेव्हा त्यांना आंघोळ, दारू आणि भांडण हे सगळं एकदमच हवं असे. म्हणून गावाने नियम केला होता. येताना पिस्तूल मार्शलकडे द्यायचं, तो ते खुंटीला टांगून त्या नंबरचं पितळी टोकन देई. जाताना टोकन द्यायचं आणि पिस्तूल न्यायचं. पिंगरी आवाज चढवत नसे. नुसता हात पुढे करी.

"आणि समोरच्यानं काढलं तर?" एखादा अडून बसे.

"गावात कोणाकडेच नाही रे बाबा. माझा शब्द आहे."

सुताराच्या त्या रुंद, फुटक्या नखांच्या पंजाकडे पाहून पोरं कमरेचा पट्टा सोडत. बाकी त्याचं काम म्हणजे रस्त्याकडेच्या फळ्या ठोकायच्या, भटकी कुत्री धरायची, दारुडे कोठडीत झोपवायचे. त्याची बायको हेस्टर कोठडीतल्यांसाठी बीन्स शिजवी आणि सकाळी त्यांच्या तोंडावर दोन खरमरीत वाक्यं फेकून मगच ताटली पुढे सरकवी.

अठराशे एकोणऐंशी सालच्या जुलैत वेस्ली ग्रँबरी आला. चोवीस वर्षांचा, उन्हाने सोललेल्या नाकाचा. सोबती कळपाजवळ नदीपलीकडेच थांबले होते. हा एकटाच केस कापायला म्हणून पुढे आला होता. पिस्तूल बापाचं, मुठीवर बापाची आद्याक्षरं कोरलेली.

"मार्शलसाहेब, हे काढलं की माझी पॅन्ट खाली येते हो."

"मग पट्टा आवळ. गावात बायका आहेत."

वेस्ली हसला. एकतीस नंबरचं टोकन खिशात घालून शीळ वाजवत गेला.

गावात कोणाकडेच पिस्तूल नाही, हे मात्र पुरतं खरं नव्हतं. दारूच्या गुत्त्याचा मालक क्लीव्ह रडॉक कोटाखाली पिस्तूल बाळगी. क्लीव्ह म्हणजे महापौर लिमन हॅस्केलचा मेहुणा. मार्शलची नेमणूक दर एप्रिलला गावसभा नव्याने करी आणि हॅस्केलच्या मताशिवाय ती होत नसे. गुत्ता त्याचा, त्याच्या घरासारखाच. रस्त्यावर थोडाच घेऊन फिरतो? पिंगरीने स्वतःची अशी समजूत घातली होती.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता क्लीव्ह रस्त्यावर आला. गुत्त्यासमोर बांधलेल्या एका घोड्याच्या कारणावरून त्याची वेस्लीशी बोलाचाली झाली. आपल्यापाशी काही नाही हे दाखवायला वेस्लीने टोकन काढण्यासाठी खिशात हात घातला, आणि क्लीव्हने दोनदा गोळी झाडली.

"खिशात हात घातला त्यानं! सगळ्यांनी पाहिलंय!" क्लीव्ह ओरडत होता.

पिंगरी धावत पोचला. त्यानेच मे महिन्यात ठोकलेल्या फळ्यांवर पोरगं पडलं होतं. मूठ आवळलेली. अंगाआड धरून पिंगरीने ती उघडली. आत टोकन होतं. ते त्याने आपल्या वेस्टकोटच्या खिशात टाकलं, का ते त्यालाही त्या क्षणी कळलं नाही.

का ते हॅस्केलने त्याला समजावलं, कचेरीचं दार लोटून घेऊन.

"ओरिन, पलीकडे सहा कळप थांबलेत. पिस्तूल जमा केलेला माणूस मेला असं पसरलं, तर उद्या एक तरी पोरगा तुझ्या हातात पिस्तूल देईल का? मग बस रोज प्रेतं उचलत."

"त्याच्यापाशी काही नव्हतं, लिमन."

"नव्हतं. आणि क्लीव्हपाशी कसं होतं, हेही विचारतील हां लोक."

पिंगरीने खिशातलं टोकन बाहेर काढलं नाही. तो पुढे बारा वर्षं गप्पच राहिला म्हणा ना.

चौकशीत त्याने बायबलवर हात ठेवला. मयताच्या खिशात काय होतं? तंबाखू आणि एक कंगवा. आणखी? काही नाही. त्याचं पिस्तूल? गर्दीत कोणीतरी उचललं असावं. दहा मिनिटांत निकाल लागला: क्लीव्ह रडॉकने स्वसंरक्षणासाठी गोळी चालवली.

सोमवारी हेस्टरने धुवायला वेस्टकोट काढला आणि टोकन तिच्या हाती लागलं. ते पुसून तिने त्याच्या ताटलीशेजारी ठेवलं, चमच्याच्या बाजूला. "हे राहिलं होतं," एवढंच म्हणाली. दोन हिवाळ्यांनी ती गेली. तोवर तिने हा विषय पुन्हा काढला नाही, आणि कोठडीतल्यांवर तोंडही टाकलं नाही.

पुढे टेक्सासच्या गुरांना त्या भागात यायची बंदी झाली. कळप थांबले. खुंट्या रिकाम्या झाल्या, एकतिसावी सोडून. कोणी विचारलंच तर पिंगरी म्हणे, "मालक यायचाय." क्लीव्ह शाळेच्या समितीवर गेला. पिंगरीची नेमणूक आता एकमताने होऊ लागली आणि शाळेतली पोरं त्याला कुत्रेपकड्या म्हणू लागली.

एक्याण्णवच्या शरदात रेल्वेने एक बाई आली. बोटांना शाळेच्या खडूने पडलेल्या भेगा, टोपीला काळी फीत. वेस्लीची बहीण, ल्यूला ग्रँबरी.

"वेस्लीनं हत्यार काढलं म्हणून मारला गेला, असं पत्र आलं होतं आम्हांला. आईनं त्याचा फोटो भिंतीकडे फिरवला तो फिरवलाच. आता ती अंथरुणाला खिळलीय. मरायच्या आधी नवऱ्याचं पिस्तूल पाहायचंय म्हणते. चौकशीच्या कागदात लिहिलंय, कोणीतरी उचललं. कोण ते आठवतं का तुम्हांला?"

"टोकन असल्याशिवाय..." पिंगरीच्या तोंडून सवयीने निघालं, आणि त्याने एकतिसाव्या खुंटीकडे पाहिलं.

ल्यूलाची नजर भिंतीकडे वळली. ती उठली, पिस्तुलाच्या मुठीवरची अक्षरं तिने अंगठ्याने चाचपली.

"हे इथं कधीपासून आहे?"

खोटं बोलायला अजून वाव होता. पण पिंगरीने खण उघडला आणि टोकन टेबलावर ठेवलं. "त्या दिवशी सकाळपासून."

"म्हणजे तो मोकळ्या हातानं मेला."

"हो."

"आणि तुम्ही शपथेवर..."

"हो."

ती रडली नाही. हातमोजे काढले, पुन्हा घातले. "आईला अजून ऐकू येतं. माझं ती खरं मानणार नाही, बहीण भावाचीच बाजू घेणार. तुम्हांला यावं लागेल. उद्या दुपारची गाडी आहे."

"येतो."

"तुमचा शब्द?"

पिंगरीने खुंटीवरचं पिस्तूल काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने पिस्तूल शालीत गुंडाळलं आणि टोकन बोटाने त्याच्याकडे सरकवलं. "हे असू द्या तुमच्याकडे. नियम तुमचाच आहे ना? आता पिस्तूल मी जमा करून घेतलंय. टोकन घेऊन आईसमोर या, मग पिस्तूल परत न्या."

दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली, चर्चचा कोट झटकून घातला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. धान्याच्या गोदामापाशी हॅस्केल भेटला.

"काय मार्शल, एवढा नटून कुठे निघालास?"

गाडी फलाटाला लागलेली दिसत होती. खिडकीत काळी फीत दिसत होती.

"कुठे नाही," पिंगरी म्हणाला. "ते तपकिरी कुत्रं या बाजूला आलं का, बघत होतो."

गाडी सुटेपर्यंत दोघे कुत्र्याबद्दल बोलत उभे राहिले.

तो आणखी सहा वर्षं जगला. अंत्यविधीची तयारी करणाऱ्याला त्याच्या वेस्टकोटात टोकन सापडलं. त्याने ते हॅस्केलला दाखवलं. "काही जुना नियम होता," हॅस्केल म्हणाला, "राहू दे त्याच्याबरोबर." गावाने वर्गणीतून थडग्यासाठी चांगला दगड आणला. त्यावर काय लिहायचं, हे क्लीव्ह रडॉकने सुचवलं आणि सभेला ते आवडलं: याने कधी कोणावर गोळी झाडली नाही.