एकाच जाडीच्या चकत्या

पनवेलच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघींना मिळून एक प्रोजेक्ट मिळाला होता. पाणी धरून ठेवणारं, पण गरम झालं की आकसून ते सोडून देणारं जेल. त्यातल्या लांब साखळ्या एकमेकींना जोडणारा पदार्थ कमीजास्त घालायचा आणि आकसण्याचा वेग कसा बदलतो ते बघायचं. मी नवीन पनवेलची, बँकेतल्या नोकरदाराची मुलगी. ती उरणजवळच्या कोळीवाड्यातून एसटीने यायची.

दोन महिने आकडे जुळेचनात. एकदा मी वैतागून वही मिटली, तर ही जेलच्या कापलेल्या चकत्यांना पट्टी लावून बसलेली.

"अगं, जाडीच सारखी नाही आपली," ती म्हणाली. "जाड चकतीतलं पाणी बाहेर यायला वेळ लागणारच. आपण उगीच जोडण्यांना दोष देतोय."

तिने दोन काचांमध्ये जेल ओतलं, त्या एकाच थरातून चकत्या कापल्या. मग स्पष्ट दिसलं. जितक्या जोडण्या जास्त, तितकी आमची चकती कमी आकसत होती, आणि सावकाश. ती इतक्या मोठ्याने हसली की शिपाई डोकावून गेला.

त्याच आठवड्यात तिची आई जेट्टीवर घसरली, कंबर मोडली. मासळी घेऊन बाजारात बसायला घरात दुसरं कुणी नव्हतं. ती पुन्हा प्रयोगशाळेत आलीच नाही. रिपोर्ट मी लिहिला.

"जाडीचं कुणाच्या लक्षात आलं?" आमच्या प्रोजेक्टच्या सरांनी विचारलं.

"माझ्या," मी म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही.

परीक्षा झाल्यावर तिच्या घरी गेले. आई खाटेवरून म्हणाली, "बस गो बाय. जेवल्याबिगर जायाचा नाय." लेकीने मला बोंबलाचं कालवण वाढलं.

"दाखल्याचे कागद आणायला कॉलेजात गेले होते," ती म्हणाली. "सर भेटले. जाडीवरून तुझं खूप कौतुक करत होते."

मी हातातला घास पानात ठेवला. "मी सांगते त्यांना."

"आता काय सांगशील? मी परीक्षेलाच बसले नाही." आणि माझ्या पानात आणखी भात घातला.

स्टँडवर बस येईपर्यंत ती थांबली. आईच्या औषधांचं बोलत राहिली.

सोमवारी मी सरांच्या केबिनपर्यंत गेले. आत कुणी बसलं होतं, म्हणून परतले. पुन्हा गेले नाही. तिच्याकडेही नाही.