मॉरीनने शिवलेली सोनेरी झूल

गिल्डफर्डमध्ये पडदे शिवून घ्यायचे तर मॉरीन टिकनरकडेच, असा आमच्या गल्लीचा शिरस्ता होता. मी तिची शेजारीण. माझ्या दिवाणखान्यातले पडदे तिच्याच हातचे; पंचवीस वर्षांत एक टाका उसवलेला नाही.

२००४ साली गॅरेथ नावाचा एक इंजिनिअर तिच्या दुकानात आला. हातात चॉकलेटच्या वेष्टणासारखा सोनेरी, चकचकीत, पातळ तुकडा.

"हे शिवता येईल?"

"कुठल्या खिडकीला लावणार आहेस?"

"खिडकीला नाही, उपग्रहाला."

रस्ता दाखवणाऱ्या युरोपच्या उपग्रहांपैकी पहिलाच आमच्या गावात, गॅरेथच्या कंपनीत बांधला जात होता. वरच्या ऊन-गारठ्यापासून जपायला त्याला या तुकड्यांची अनेक पदरी झूल हवी होती, आणि इंजिनिअरांनी शिवली की कोपरे फाटत होते. एकसष्टाव्या वर्षी मॉरीन पांढरी टोपी आणि हातमोजे चढवून कामाला लागली. आधी तिने साध्या कागदावर मापं बेतली, कोटाची बेततात तशी. इंजिनिअर गालात हसले. पहिला कोपरा चपखल बसला आणि हसू थांबलं.

उपग्रह उड्डाणतळाकडे रवाना व्हायला नऊ दिवस उरले असताना घोळ झाला. तारांची एक पेटी आराखड्यापेक्षा दोन बोटं उंच निघाली, झूल बसेना. ठरलेल्या मुदतीत वरून संदेश आला नाही तर युरोपसाठी राखून ठेवलेली रेडिओ फ्रिक्वेन्सी हातची जाणार होती.

"नवीन शिवायला तीन आठवडे," गॅरेथ डोकं धरून म्हणाला. "मेलो आपण."

"मरतोस कशाला? लग्नाच्या आठवड्यात नवऱ्या मुली दोन इंच वाढतात. त्यांची लग्नं मोडतात का?"

तिने बाजूची शिवण उसवून जादा तुकड्याची कळी घातली. दोन दिवसांत झूल अंगासरशी बसली. त्या रात्री घरी आल्यावर मात्र ती खुर्चीतच झोपून गेली; पायातले बूट नवऱ्याने, डेसने, काढले.

२००५ चा नाताळ उलटल्यावर उपग्रह उडाला. पुढे काही दिवसांनी गॅरेथचा फोन आला तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात होते.

"मॉरीन, बोलायला लागला तो!"

"काय म्हणतो?"

"वेळ सांगतोय. अगदी अचूक."

"मग आमच्या डेसपेक्षा बरा!"

दोन वर्षांसाठी पाठवलेला तो उपग्रह जवळजवळ सोळा वर्षं चालला. मग त्याला बंद केलं. वाटेत यायला नको म्हणून त्याला आधीच आणखी वरच्या कक्षेत नेऊन ठेवलं होतं. त्याच्या निरोपाच्या चहाला मीच मॉरीनला गाडीतून कंपनीत नेलं. भाषणात कोणी साहेब म्हणाले, "आता तो मृत उपग्रह आहे."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची मॉरीन खुर्चीतूनच ओरडली, "मेलेला नाही हो, रिटायर झालाय! मीसुद्धा झालेय, मला पुरणार आहात का?"

सगळा हॉल हसला. साहेबांनी माफी मागितली. केक संपता संपता एक तरुण इंजिनिअर मुलगी फोनमधला फोटो घेऊन तिच्याकडे आली. दुसऱ्या एका उपग्रहाच्या नव्या झुलीचा कोपरा फाटला होता.

"टाका फार जवळ घेतलास, पोरी," मॉरीन चष्मा सावरत म्हणाली. "इथे पेन्सिल आहे का कुणाकडे?"

आता दर गुरुवारी कंपनीची गाडी तिला न्यायला येते. डेस त्या दिवशी टोस्टवर बीन्स घालून खातो आणि कुरकुर करतो.