वटीतले तांदूळ

"कुणी बसवली हिला? काढ तो नारळ तिच्या वटीतला!"

पाटलीणबाई भर मांडवात वरडल्या. त्यांच्या लेकीची हळद व्हती. पासली गावच्या सवाशिणी वळीनं बसल्या व्हत्या, आन पाटलांची धाकटी सून एकेकीची वटी भरत म्होरं येत व्हती. ती गावात नवी. तिला काय ठावं? तिनं माझ्या पदरात तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. माझ्या लग्नाला बरीच वरसं झालेली. कूस उजवली नव्हती.

त्या पोरीनं नारळ उचलला. खण उचलला. तांदूळ कसे उचलणार? पाटलीणबाई म्हणल्या, "तिकडं उकिरड्यावर जा. पदर झटक."

म्या झटकला. कोंबड्या धावल्या.

त्या लग्नाचं समदं भात म्याच कांडलं व्हतं. हाताला फोड येस्तवर. कांडताना मी वांझ नव्हते. वटीला बसले, तवा झाले.

कुणी हासलं न्हाई. हासल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाया आपापला पदर नुसता आवरून बसल्या. माझा वारा लागंल म्हणून.

घरी आत्याबाई, म्हंजी माझी सासू, वाटच बघत व्हती. "नाक कापलंस आमचं," म्हणली. तिथनं सुरू झालं. सोमवारी वल्या लुगड्यानं देवाला फेऱ्या. झाडाच्या कडू साली उकळून पाजल्या. उपास घातलं. शेवटी देवऋषी आला. त्यानं इळा चुलीत तापवला आन माझ्या बेंबीखाली डाग दिला. हात आत्याबाईनं धरलेलं. धनी उंबऱ्यात बसून तंबाखू मळत व्हते.

आन म्या मानलं. खोट माझीच. एका दुपारी वढ्याच्या डोहावर गेले, वटीत धोंडं बांधलं. तेवढ्यात कुणाची तरी गुरं पाण्यावर आली. माघारी फिरले. जगावं वाटलं म्हणून न्हाई. गुरांम्होरं मरायची लाज वाटली.

मग धन्यानं दुसरं लगीन केलं. शिवऱ्याची पोर. चिमा. अक्षता पडस्तवर मला गोठ्यात बसवलं, नवरीच्या नजरंला पडू नये म्हणून. आधी मला तिचं त्वांड बघवंना. पण ती मला अक्का म्हणायची. लढाई चालू व्हती, घासलेट मिळत नव्हतं, घरात मिट्ट काळोख. ती भ्यायची आन माझ्या वाकळंत शिरायची. किती दिस राग धरणार?

दोन पावसाळं गेलं. चिमाचीबी कूस रिकामीच.

तोच देवऋषी आला. तोच इळा. ह्या खेपंला पाटलीणबाई सोता बाजंवर येऊन बसल्या. "धरा तिला," म्हणल्या. चिमानं टाहो फोडला. "अक्का!"

आन माझ्या डोक्यात लख्ख झालं. एक खाचर पिकलं न्हाई, खाचर वाईट म्हणा. तेच बी दुसऱ्या खाचरात टाकलं, तितंबी उगवलं न्हाई. मग भुईला डाग देत्यात व्हय?

म्या इळा चुलीतनं उपसला. तळवा भाजला. अंगणात भिरकावला.

"आत्याबाई, बी पोचट हाय. डाग द्यायचा तर तुमच्या ल्योकाला द्या."

मग पाटलीणबाई म्हणल्या, "लाज सोडलीस गं, वांझोटे."

"व्हय. तुमच्याच उकिरड्यावर झटकली."

धन्यानं नांगराचं रुमणं उचललं. माझा डावा खांदा त्या दिसापास्नं वर व्हत न्हाई. अंगावरच्या लुगड्यानिशी मी भायेर पडले. चिमा मागं आली. शिवऱ्याला तिच्या बापाच्या दारात गेलो. त्यानं दार निम्मंच उघडलं. "दिल्या घरी मरायचं," म्हणला, आन लावून घेतलं.

आता आमी दोघी कामथडीला एका गोठ्याच्या पडवीत ऱ्हातो. शेण काढतो, खुरपतो, कापणीला जातो. हळदीला आमाला कुणी बोलवत न्हाई. पोटभर मिळतं असंबी न्हाई. मधी सासरचा सांगावा आला व्हता: भात लावाया माणूस न्हाई, दोघी या. आमची पोटं नको व्हती त्यांना. हात पायजे व्हतं. आमी गेलो न्हाई.

आन आता कानावर आलंय. धनी तिसरी आणत्यात. भोरच्या अंगाला धनगरवाडा हाय, तिथली पोर. अजून नीट लुगडं नेसता येत न्हाई, म्हणत्यात. तिच्या बापाला कुणी काय सांगितलं नसंल.

चिमा रडतीया. "अक्का, जाऊ नको. जित्ती सोडायचे न्हाईत तुला."

नसतील सोडत. मी जाणार हाय. भर मांडवात उभी ऱ्हाणार हाय, अक्षता पडायच्या आधी. लुगडं सोडून डाग दाखवीन. आन बोलीन ते पाटलासाठी न्हाई, पंचांसाठी न्हाई. अंतरपाटाआड उभ्या त्या पोरीला ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं बोलीन.