पक्षाघात आणि अपघात

आमच्याच बिल्डिंगमधल्या विमा एजंटाने मला फसवलं. सौद्यात मी कुणाला ऐकत नाही, म्हणून ते जास्तच झोंबलं.

सातिवलीत माझा बिजागऱ्यांचा गाळा आहे. प्रेस मशीनखाली माणसांची बोटं जाताना पाहिली होती, म्हणून अपंगत्वाचा विमा हवा होता. पण वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं, तेही विसरलो नव्हतो. हप्ता घासाघीस करून खाली आणला आणि सहीआधी त्याला अडवलं.

"मशीनमध्ये हात गेला तर पैसे मिळतील, कळलं. वारं गेलं तर?"

"काका, पक्षाघात काय नि अपघात काय, दोन्हीत घातच!" तो हसला. "सगळं आलं यात."

मीही हसलो. कागद इंग्रजीत होते.

एका सकाळी गाळ्याचं शटर वर ढकलताना उजवा हात अर्ध्यातच लुळा पडला. जीभ जड झाली.

फिजिओथेरपीच्या बाकावर बसून मी प्रत्येकाला विचारायचो, कशाने झालं? एकाचा पाय साखरेने नेला होता. निर्मळ गावचा एक बागायतदार मणक्यामुळे वाकू शकत नव्हता. एका बाईंचे हात संधिवाताने आखडले होते. स्कूटरवरून पडलेला पोरगा एकच. बाकी सगळ्यांना घरी बसवलं ते दुखण्यानेच.

कंपनीने दावा फेटाळला. फोनवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमची पॉलिसी फक्त अपघाताची आहे. आजाराने येणारं अपंगत्व वेगळं घ्यावं लागतं."

मी उभा राहिल्याशिवाय गाळा चालत नाही. घरात तो विकायची बोलणी सुरू झाली. बायकोला घेऊन मी एजंटाचं दार वाजवलं.

"शटर उघडताना घसरून पडलात असं लिहू या," तो हळूच म्हणाला.

"डोक्यात गुठळी झाली, असं डॉक्टरांनी लिहिलंय. मला खोटं नको. तू काय बोललास ते लिही."

"आता मी कसं लिहिणार? कागद वाचून घ्यायचे होते ना, काका."

शब्द तोंडात अडकले तसा माझा पारा आणखी चढला. बायको माझं वाक्य पुरं करायला निघाली. मी डाव्या हाताने तिला थांबवलं.

"मीच वाचायचे, तर तू कमिशन कशाचं खाल्लंस? चप्पल घाल. आत्ता कंपनीत चल आणि साहेबासमोर सांग, सही घेताना मला काय सांगितलं होतंस."